हिंगाच्या डबीतली मोरणी

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर हसता हसता सांडाल, आणि फरशी पुसायला मला खाली वाकावं लागेल. मी जमिनीवर वाकलेला दिसलो की आजकाल आमच्या गल्लीतले लोक हातातलं काम टाकून दारात येतात. का येतात, तीच माझी फजिती.

तुम्ही मला ओळखता. आयुष्य नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवण्यात गेलं. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. लग्नाच्या पंगतीतही मी खुर्ची शोधणारा माणूस. गल्लीत सगळे 'सर' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू, हे आता मी म्हणू नये म्हणा. ते पुढे कळेलच.

तर अशा माणसावर अस्वल व्हायची वेळ आली.

माझी नात जुई सहा वर्षांची आहे. वैशालीची, म्हणजे माझ्या मुलीची, ही मुलगी. जावई मुदखेडला रेल्वेत आहेत, पण जुईच्या थेरपीसाठी मायलेकी आमच्याच घरी राहतात. जुई स्वमग्न आहे. वैशाली हे कुणालाही सहज सांगते, भाजीवालीलासुद्धा. मी मात्र 'जरा अबोल आहे' एवढंच म्हणायचो आणि विषय हवापाण्यावर न्यायचो.

पण न बोलण्यापेक्षा मोठी काळजी वेगळीच होती. जुई तळहात कशालाच टेकवत नसे. फरशीला नाही, मातीला नाही, भिंतीला नाही. पडतानासुद्धा तिचे हात पुढे येत नसत. दोन्ही हात छातीशी धरून ती सरळ हनुवटीवर आदळायची. हनुवटीला टाके पडले, ते निघायच्या आत ती पुन्हा तशीच पडली. वैशाली रात्रंदिवस तिच्यामागे हात पसरून फिरायची, पतंगामागे फिरतात तशी.

थेरपीच्या मॅडम लातूरच्या. त्यांनी समजावून सांगितलं होतं की खांद्यांत आणि दंडांत बळ यायला हवं, हातांची जमिनीशी ओळख व्हायला हवी. हे औषधानं होत नाही. समोर उभं राहून 'हात टेक' म्हटल्यानंही होत नाही. खेळातूनच होतं. त्यांनी सांगितलेला खेळ म्हणजे अस्वलासारखं चालायचं. तळहात जमिनीवर, गुडघे अधांतरी, ढुंगण वर. आणि घरातल्या मोठ्या माणसानं आधी चालायचं, मूल मागून येईल.

आमच्या हिनं ते ऐकलं आणि घरी येऊन लगेच पदर खोचला. हिंगाची रिकामी डबी घेतली, आत चार हरभरे टाकले, आणि ती डबी खुळखुळ वाजवत, हातानं पुढे ढकलत, देवघरापासून दारापर्यंत अस्वल होऊन निघाली. मागे जुई. आधी नुसती बोटांची टोकं टेकायची, मग हळूहळू अख्खा पंजा. मी आरामखुर्चीत पेपर वाचत असायचो. दोघी जवळून गेल्या की पाय वर उचलायचो. माझा सहभाग एवढाच.

मग ही गेली.

जुईनं डबी सोडली. हात पुन्हा छातीशी घेतले. वैशालीनं खूप प्रयत्न केले, पण आईला अस्वल म्हणून जुईनं मान्यता दिली नाही. मॅडम म्हणाल्या, आजोबांना उतरवून बघा, ते त्याच खोलीत असायचे ना. 

झालं. मी कारणं काढायला लागलो. माझे गुडघे दुखतात. पेपर तपासायचे आहेत. एकदा तर मी पाऊस आहे म्हणालो. घरात खेळायच्या खेळाला पाऊस आडवा आणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? पाहून घ्या.

वैशाली भांडली नाही. तिच्या आईसारखीच आहे ती, भांडली असती तर बरं झालं असतं. वर्षश्राद्ध होऊन गेलं, पितृपक्ष आला, अविधवा नवमी तोंडावर आली. आमची ही अहेव गेली, त्यामुळे नवमीला सवाष्ण जेवू घालायची. सवाष्ण म्हणजे शेजारच्या भागीरथाबाई कदम, हे ठरलेलं. आणि हिची नाकातली मोरणी त्या दिवशी पाटावर ठेवायची, असं त्यांनीच मला बजावून ठेवलं होतं.

ती मोरणी हिच्या माहेरची, जळकोटच्या सोनारानं घडवलेली. लाल खड्याची. ही गेली त्या दिवशी कुणीतरी ती माझ्या मुठीत दिली. बायका असल्या वस्तू घरात कुठे ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. देवघराखालच्या फळीवर ती हिंगाची डबी दिसली. हरभरे काढले आणि तीत ठेवली. अजूनही मोरणीला हिंगाचा वास येतो.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती काढून बघितली आणि परत ठेवली. संध्याकाळी वैशाली पूजेचं सामान आणायला निघाली. चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "बाबा, आज तरी."

मी पुढचं दार लावलं, कडी घातली, पडदे ओढले. चोरसुद्धा इतकी काळजी घेत नसेल. मग जुईसमोर उभं राहून आधी तिला अस्वलाची माहिती सांगितली. अस्वल कुठे राहतं, काय खातं, मध कसा काढतं. हसू नका, सवयीचा परिणाम. जुईनं सगळा वेळ पंख्याकडे बघितलं. माझ्या वर्गातली मुलंही तेच करतात, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही.

शेवटी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि उतरलो.

तुम्ही कधी उतरला आहात का? उतरून बघा. आपलं डोकं एवढं जड असतं हे माणसाला उभ्यानं कळत नाही. मनगटं म्हणतात आम्ही चाललो, कंबर म्हणते मी आधीच गेले. जुई भिंतीला पाठ लावून बसली होती, हात छातीशी. मी दिवाणापाशी पोचलो, तिथं दम घेतला, आणि तेवढ्यात समोर दोन पावलं दिसली. जोडवी घातलेली.

पुढच्या दाराची कडी घातली होती. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं. त्या दारानं भागीरथाबाई हिच्याकडे रोज यायच्या, त्या दाराला त्यांच्यासाठी कधी कडी नव्हतीच. त्यांच्या हातात अंबाडीच्या भाजीचं पातेलं होतं.

त्या मुळीच दचकल्या नाहीत. साधेपणानं म्हणाल्या, "अस्वल अस्वल खेळून राहिलात का, सर?"

बघा, देवानं किती सोपी वाट काढून दिली होती. 'हो' म्हणायचं. एक अक्षर. इतकी वर्षं भाषा शिकवली आणि ते एक अक्षर तोंडातून निघेना. सर आणि अस्वल? गल्लीत काय म्हणतील? नातीचं काय काय सांगत बसायचं? दुपारपासून डोक्यात मोरणी होती, तीच जिभेवर आली.

"नाही नाही," मी म्हणालो. "मोरणी पडली. हिची."

भागीरथाबाईंच्या हातातलं पातेलं खाली गेलं.

मूळच्या लोह्याकडच्या शेतकरी घरातल्या त्या, साध्या पण कडक बाई. त्यांचा चेहराच उतरला. "उंद्या आहेव नवमी, अन् आज मोरणी पडली? झाडू तर न्हाई ना फिरवला?" मी नाही म्हणालो. "कोणी पाय हलवू नका," असं मला आणि जुईला बजावून त्या मागच्या दारात गेल्या आणि त्यांनी हाक मारली. त्यांची हाक पूर्वी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जायची. गल्ली तिच्यापुढे काहीच नाही.

मी म्हणणार होतो की राहू द्या, सापडेल. पण तोवर बायका यायला लागल्या होत्या. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या काखेत पोर. अहेव गेलेल्या बाईची मोरणी नवमीच्या आदल्या दिवशी हरवली म्हटल्यावर कोण घरी बसेल? मागून भागीरथाबाईंचे मालक कदम आले, मोठी बॅटरी घेऊन. कदम एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झालेत, पण गाडीतून अजून उतरलेले नाहीत.

सगळे खाली बसून रांगायला लागले तसं भागीरथाबाईंनी अडवलं. "गुडघे टेकू नका कोणी. गुडघ्याखाली चेपंल की ती." कदमांना डॉक्टरांनी गुडघे टेकायला आधीच मनाई केली होती, त्यांना ते सोयीचं पडलं. त्यांनी तळहात टेकले, गुडघे उचलले, ढुंगण वर केलं आणि निघाले. त्यांचं बघून बाकीचेही.

मंडळी, मॅडमनी चित्र काढून दाखवलं होतं ना, अगदी तसं. तेवढ्या वेळात मला जे जमलं नव्हतं ते अख्ख्या गल्लीला जमलं. माझ्या बैठकीत जिकडे बघावं तिकडे अस्वलं. दिवाण आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत गर्दी तुंबली तर कदम मागून म्हणायचे, "मधी थांबू नका. पुढं सरका, पुढं सरका."

आता खोट्याचं एक असतं. ते एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. कुठं उभे होता? खिडकीपाशी. कशी पडली? डबी निसटली. आवाज कुठल्या अंगाला आला? मी जरा विचार करून कपाटाच्या अंगाला म्हणालो, तर सगळी अस्वलं कपाटाकडे वळली. खडा कसा होता, हे मी इतकं सविस्तर सांगितलं की दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली की सुमनताईंच्या नाकात ती किती शोभायची. ते मात्र खरं होतं. मी मान खाली घातली. ती आधीच खाली होती, आणखी घातली.

भागीरथाबाईंनी माहूरच्या रेणुकाईला नारळ बोलला. माणसांना फसवत होतो तोवर ठीक, आता देवीला गुंतवलं होतं.

मी मनाशी बेत केला. डबी देवघराखाली आहे. सरकत सरकत तिथे जायचं, मोरणी मुठीत घ्यायची आणि सापडली म्हणायचं. मी तसा निघालोही. तर कदम बॅटरी माझ्या तोंडावर मारून म्हणाले, "सर, तिकडलं मी समदं बघितलंय. तुम्ही दिवाणाखाली घुसा." मी दिवाणाखाली घुसलो. दुसरं काय करणार? आत जाळी होती, जळमटं होती, आणि माझी पूर्वी हरवलेली पेनं होती. जी हरवली नव्हती ती सोडून सगळं सापडत होतं.

त्या दिवाणाखालून मी पाहिलं.

जुई भिंतीपासून सुटली होती. एवढी माणसं घरात आली की ती कान झाकून आतल्या खोलीत जाते. त्या दिवशी गेली नाही. ती एकेका अस्वलाकडे बघत होती. मग ती देवघरापाशी गेली. खालच्या फळीवरून हिंगाची डबी काढली. जमिनीवर ठेवली. तिला काय, अस्वलं आली, म्हणजे खेळ सुरू झाला, आणि खेळाला डबी लागते. एवढी साधी गोष्ट. त्या खोलीत खरं काय चाललंय हे फक्त तिला कळलं होतं.

तिनं एक तळहात टेकला. थांबली. मग दुसरा टेकला. ढुंगण वर केलं. आणि डबी ढकलत निघाली.

खुळखुळ. खुळखुळ.

तसा आवाज वर्षभर आमच्या घरात नव्हता. भागीरथाबाई जागच्या जागी थांबल्या. सगळेच थांबले. जुई सगळ्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेली, वळली, आणि परत येताना दिवाणापाशी डबीला जरा जास्तच धक्का बसला. डबी माझ्या नाकासमोर येऊन आडवी झाली. झाकण उघडलं. मोरणी बाहेर आली.

लाल खड्याची. मी वर्णन केलं होतं तशीच. अगदी हुबेहूब.

कदम वाकून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, ही दुसरी हाय का?"

मी दिवाणाखालीच होतो. खरं सांगतो, बाहेर येऊ नये असंच वाटत होतं. जेवणाचं ताट आत सरकवलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेर यावंच लागलं, जळमटांसकट. मोरणी पडली नव्हती, मी अस्वल झालो होतो आणि मला लाज वाटली, एवढं मी सांगितलं. एवढंच सांगायला जन्मभराची भाषा खर्ची पडली.

भागीरथाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मी इचारलंच होतं की."

मग हळूच म्हणाल्या, "सुमनताई मागचं दार उघडं टाकूनच खेळायच्या. तुम्ही कॉलेजात असला की आम्ही बी यायचो खेळायला. समद्या गल्लीला म्हाईत हाय पोरीचं. लपवून कोणापासून राहिला होता, सर?"

मी डोक्यावरची जळमटं काढायला लागलो.

मागच्या दारात वैशाली उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, मोरणीकडे नव्हतं. ती फरशीवर टेकलेल्या जुईच्या तळहातांकडे बघत होती. पिशवी तिनं दाराशीच ठेवली, चपला काढल्या, खाली उतरली आणि जुईच्या मागे चालायला लागली. बायकाही एकमेकींकडे बघून पुन्हा खाली उतरल्या. आता शोधायला काही नव्हतं, तरी. "पुढं सरका," कदम म्हणाले आणि बॅटरी विझवून पुन्हा खाली उतरले.

मोरणी उचलून मी परत डबीत ठेवली आणि डबी जुईपुढे ठेवली. मीही उतरलो. सगळ्यांच्या मागे.

नवमीला भागीरथाबाई आल्या, पुरणपोळी जेवल्या, पाटावरच्या मोरणीला हळदकुंकू वाहिलं. हात धुताना म्हणाल्या, नारळ मी बोलले, पण फोडायचा तुम्ही. न हरवलेली वस्तू सापडल्याचा नारळ मी माहूरला जाऊन फोडून आलो. पुजाऱ्यानं कशाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी आणि जुई अस्वल व्हायचो. दार उघडं टाकून. डबीत मी हरभरे घालून पाहिले, मोरणी जपून ठेवावी म्हणून. जुईनं डबी कानाशी हलवली आणि बाजूला ठेवून दिली. तिला आता मोरणीचाच आवाज हवा होता. म्हणून मोरणी आतच राहिली. झाकणाला चिकटपट्टी लावा, असं वैशाली म्हणायची. मी म्हणायचो, लावतो. 

एक दिवस खेळ सुरू व्हायच्या आधीच जुई डबी घेऊन देवघरापासून पळत निघाली आणि उंबऱ्याला अडखळली. वैशाली स्वयंपाकघरात होती. मी खुर्चीतून उठेपर्यंत ती पडलीसुद्धा.

हातांवर. दोन्ही तळहात पुढे, फरशीवर, पसरलेले. हनुवटी वरच्या वर.

ती रडली नाही. तळहात उलटे करून बघितले, शर्टाला पुसले, आणि उठली. शर्ट माझा होता, तोवर मी तिच्याजवळ पोचलो होतो. वैशाली ओट्याशी तशीच उभी, तिच्या हातात लाटणं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि त्या नादात कुणाच्याच लक्षात आलं नाही की डबी उडाली होती. झाकण इकडे, डबी तिकडे. मोरणी कुठेच नाही.

आता खरीच हरवली होती.

मी मागच्या दारात जाऊन भागीरथाबाईंना हाक मारली. मोरणी पडली, म्हणालो. त्या भाकरी थापत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "हाव, हाव. खेळा तुम्ही. आज मला सवड न्हाई." अहो खरंच, म्हणालो. शपथ घेतली. कदम ओसरीवर बसले होते. त्यांनी बॅटरीला हातसुद्धा लावला नाही. तिथूनच म्हणाले, "पुढं सरका, सर. पुढं सरका."

मग काय, उतरलो एकटाच. कपाटाखाली बघितलं, उंबऱ्याच्या फटीत बघितलं. थोड्या वेळानं शेजारी आणखी दोन तळहात येऊन टेकले. जुईही बघायला लागली. मी कपाटाखाली वाकलो की तीही वाकायची, मी थांबलो की थांबायची. रिकामी डबी आमच्या मधे. तिच्यात आता आवाज नव्हता, तरी ती आली. दुसऱ्या दिवशी तिनंच माझी बाही ओढली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशीही. घराचा एकेक कोपरा आम्ही हातांनी चाचपत जातो. मॅडम तिचे दंड बघून खूश आहेत. शोधणं हा खेळ आपण सांगितलेल्या खेळापेक्षा बरा, असं त्या वैशालीला म्हणाल्या.

आणि माझा चेहरा बघून गेल्या आठवड्यात भागीरथाबाईंनाही ते खरं वाटायला लागलंय. त्यांनी पुन्हा नारळ बोललाय. या वेळी पाच.

आता जरा जवळ सरका. मागचं दार उघडं आहे, म्हणून हळू बोलतो.

हा शर्टाचा खिसा बघितलात? वास घ्या. हिंगाचा येतोय ना? परवा सापडली. दिवाणाच्या पायाशी, माझ्या जुन्या पेनांजवळ. जुईचं लक्ष दुसरीकडे होतं. मी उचलली आणि खिशात टाकली. कुणाला बोललो नाही, वैशालीलासुद्धा नाही.

हसा, हसा. एकदा न हरवलेली मोरणी हरवली म्हणालो, आता सापडलेली सापडली म्हणत नाही. हिला कळलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. बहुतेक पदर खोचून खाली उतरली असती.

कप तिथेच राहू द्या. जुईची झोपून उठायची वेळ झाली. आलाच आहात तर उतरा जरा. गुडघे टेकू नका, वर धरा. आणि भागीरथाबाईंनी विचारलंच, तर मोरणी अजून सापडलेली नाही.